राखणदार हिरवा आहे

रेणुका वैरागडेच्या घरी वाईट बातमीला दाराबाहेर चपला काढायला लावत आणि तरीही आत घेत नसत. समोरच्या फ्लॅटमधल्या दाणीकाकू वारल्या, तर त्या ‘मुलाकडे बंगलोरला गेल्या’. सावनीची, म्हणजे रेणुकाच्या लेकीची, नोकरी गेली, तर ती ‘घरून काम’ करायला लागली. इतकंच काय, टीव्हीवर भारत हरायला लागला की रेणुकाचा नवरा प्रफुल्ल मुकाट्यानं चॅनल बदलायचा.

“अरे, हार्टचा त्रास मला आहे, भारताच्या टीमला नाही!” ती करवादायची.

“बघ, बघ, पिवळी होऊन राहिली तू,” असं म्हणत प्रफुल्ल आपला फोन तिच्यापुढे धरायचा. विषय तिथंच संपायचा, कारण पिवळ्यापुढे कोणाचंच काही चालत नव्हतं.

हा पिवळा रंग येत होता तिच्या गळपट्टीच्या हाडाखालून. तिथं कातडीच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवलेलं होतं. डॉक्टरांकडे त्याला लांबलचक नाव होतं, लोक त्याला ‘दाणा’च म्हणत. दाणा रात्रंदिवस तिच्या हृदयाचे ठोके, रक्ताचा दाब आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची सूज मोजायचा आणि ते सगळं घरच्यांच्या फोनवर ‘राखणदार’ नावाच्या ॲपला कळवायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, आणि लाल झाला तर कोणाला न विचारता ॲम्ब्युलन्स थेट दारात. घरच्यांचा एक ग्रुपही होता. त्याचं नाव सावनीनं ठेवलं होतं, ‘हिरवी आई’.

दाणा उगाच बसवला नव्हता. रेणुकाला गेली बारा-तेरा वर्षं मल्टिपल स्क्लेरॉसिस होता. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. या आजारात ती फौज आपलं-परकं विसरते आणि मेंदूतल्या, पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं वेष्टण कुरतडायला लागते. वायरवरचं प्लास्टिक उंदरानं खावं, तसं. मग मेंदूनं पायाला धाडलेला निरोप वाटेतच गळून जातो. कधी हात बधिर, कधी डोळ्यांपुढे धुकं, आणि थकवा तर पाचवीला पुजलेला. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. माहीत नसते ती पुढची. तीच सूज रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाही सोडत नाही. हृदयाला वेग द्यायचा की आवर घालायचा, हे सांगणाऱ्या नसाही अडखळतात. शिवाय चालणं-फिरणं सुटलेलं. त्यामुळे अशा माणसांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आणि खरी मेख तर याच्याही पुढे आहे. हृदयाचं दुखणं ज्या निरोपांनी कळतं, म्हणजे छाती आवळणं, हाताला मुंग्या, दमून जाणं, ते निरोप या लोकांच्या घरी रोजचेच पाहुणे असतात. त्यामुळे खरा निरोप आला, तरी कोणी दार उघडत नाही.

रेणुकाच्या बाबतीत अगदी तेच झालं होतं. तिच्या बरगड्यांभोवती अधूनमधून एक आवळ बसायचा. ती त्याला ‘पट्टा’ म्हणायची. दोन वर्षांपूर्वी सकाळीच पट्टा आवळला आणि सुटेचना. “काही नाही गं, पट्टाच असेल. पड जरा,” असं प्रफुल्ल म्हणाला आणि तिला ताक करून दिलं. दुपारी ती घामानं भिजून कोसळली, तेव्हा कुठे कळलं. स्टेंट घातला, जीव वाचला, पण हृदयाचा एक कोपरा मेला तो मेलाच. त्या ताकाच्या ग्लासानं प्रफुल्लला पार बदलून टाकलं. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. त्यानं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि तो बायकोचा पहारेकरी झाला.

प्रेमानंच झाला, हे तिलाही कळत होतं. म्हणून तर भांडताही येत नव्हतं.

आता रेणुका कोण होती तेही सांगितलं पाहिजे. ती होती खो-खोची कोच. नागपूरच्या शाळांतल्या पोरींच्या दोन पिढ्या तिच्या शिट्टीवर पळाल्या होत्या. तिला खो-खो शिकवला तिच्या थोरल्या भावानं, भास्करदादानं, वर्ध्याच्या मैदानावर, पाठीत धपाटे घालून. दादा आता सत्तरीकडे झुकला होता. रोज दिवेलागणीला दोघांचा फोन व्हायचा आणि त्याचा नियम ठरलेला होता. आज ज्यानं फोन केला, त्यानं शेवटी ‘खो’ म्हणायचं, मग उद्याचा फोन दुसऱ्यानं करायचा. खो मिळाल्यावर बसून राहिलं तर गडी कसला!

दादाच्या फोनला बातमीबंदी लागू नव्हती. तो सगळं सांगायचा. कोण मेलं, कोणाचं फाटलं, कोणाची सून माहेरी गेली. “काय व रेणे, काय करून राहिली?” इथून सुरुवात व्हायची. त्या अर्ध्या तासात ती थोडी पिवळी व्हायची, आणि प्रफुल्ल दाराशी येऊन घसा खाकरायचा.

दसऱ्याच्या संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाज जरा बसका होता. “थंडगार काही प्यालो असन,” तो म्हणाला. “सोनं घे माझ्याकडून. खो!”

दुसऱ्या दिवशी तिनं फोन लावला तर बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. कुमुदवहिनीचा लागला, पण उचलला नाही. चौथ्या दिवशी प्रफुल्ल चहा घेऊन आला, पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, “अगं, सांगायचंच राहिलं. दादा नर्मदा परिक्रमेला गेले. अचानकच ठरलं. फोन घरी ठेवून गेले, तसा नेम असतो म्हणे.”

रेणुकानं कप हातात घेतला.

नर्मदा परिक्रमा हे दादाचं जुनं स्वप्न होतं. गेली कित्येक वर्षं तो तिला त्यातलं इत्थंभूत सांगत आला होता. म्हणून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. चातुर्मासात परिक्रमा कोणी उचलत नाही. जे वाटेत असतात तेही एका जागी थांबतात. निघायचं ते कार्तिकी एकादशी झाल्यावर. आणि अजून तर दिवाळीचे आकाशकंदीलही लागले नव्हते.

खोटं. साफ खोटं. दादाला काहीतरी झालं होतं.

भीती वर यायला लागली, आणि त्याच क्षणी तिला प्रफुल्लच्या शर्टाच्या खिशातला फोन दिसला. आत्ता पिवळी झाले तर याला कळेल की मला कळलं. मग कुमुदवहिनीचा नंबरही जाईल, सावनी बोलायची बंद होईल, आणि दादापर्यंत जायची उरलीसुरली फटही बुजेल. तिनं जबडा सैल सोडला. श्वास हळूहळू, लांबवर सोडला. समोरच्या भिंतीवरच्या टाइल्स डावीकडून उजवीकडे मोजायला घेतल्या. खो-खोत चौकोनात उकिडवी बसलेली पोर असते नं, तिनं उठून कुठं पळायचं ते मनात ठरलेलं असतं, पण चेहऱ्यावर दाखवायचं नसतं. तशी.

“छान झालं,” ती म्हणाली. “त्याची फार इच्छा होती.”

प्रफुल्लनं चोरून खिशात पाहिलं. हिरवा. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं तिला दिसलं, आणि इतक्या संतापातही तिला त्याची कीव आली.

मग तो तिचा उद्योगच होऊन बसला. दिवसभर हिरवं राहायचं. दादाचा विचार आला की टाइल्स. त्याचा बसका आवाज आठवला की टाइल्स. ती इतकी हिरवी राहायला लागली की सावनीनं ग्रुपवर टाळ्या पाठवल्या आणि “आईला परिक्रमेचं पुण्य लागलं” असं लिहिलं.

एकदा सगळे आतल्या खोलीत आहेत असं पाहून रेणुकानं फोनवर वर्ध्याची टॅक्सी मागवली. पडद्यावर नम्रपणे अक्षरं उमटली: ‘प्रवासी हृदयरुग्ण आहे. कुटुंबाची संमती मागवली आहे.’ आतून टिंग असा आवाज आला आणि पाठोपाठ प्रफुल्ल बाहेर आला.

“कुठे निघाली बाप्पा?”

“चुकून दाबलं गेलं. बोटं बधिर झाली आहेत,” ती म्हणाली. हेही खोटं. घरात सगळेच आता त्यात तरबेज झाले होते.

त्यानं तिची बोटं हातात घेतली आणि कितीतरी वेळ चोळत बसला. तिला ओरडावंसं वाटत होतं. ती टाइल्स मोजत होती.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. एका दुपारी सावनी बाहेरून आली आणि दमून आईशेजारी आडवी झाली. तिच्या कुर्त्याच्या बाहीला एक गोल स्टिकर चिकटलेला होता, लाल हृदय आणि खाली ‘भेटीस आलेले नातेवाईक’. रेणुकाला तो चांगलाच ओळखीचा होता. वर्धा रोडवरच्या ज्या हॉस्पिटलात तिला स्टेंट घातला, तिथं भेटायला येणाऱ्यांना तो लावत. अतिदक्षता विभागाचा लाल, बाकीच्यांचा निळा.

“कुठे गेली होतीस गं?”

“मैत्रिणीकडे,” सावनी डोळे मिटून म्हणाली.

म्हणजे दादा इथेच होता, नागपुरात. अतिदक्षतेत होता आणि जिवंत होता. आणि खो तिच्यावर होता.

तिनं पुष्कळ विचार केला. सरळ विचारलं तर? रंग बदलणार, हे दोघं घाबरणार, “बरे होऊन राहिले, उद्या नेतो” म्हणणार. असे उद्या तिनं खूप पाहिले होते. दाणीकाकू मुलाकडून ‘उद्या’ यायच्या होत्या, ते उद्या अजून संपले नव्हते. टॅक्सी नाही, लिफ्टशी वॉचमन, पायांचा भरवसा नाही. या घराला एकच दार होतं जे कोणाच्या संमतीशिवाय उघडायचं, आणि ते लाल होतं. लाल गाडी तिला त्याच हॉस्पिटलात नेणार होती.

तेव्हा आता लाल व्हायचं. त्यात काय मोठंसं? इतके दिवस दाबून ठेवलेली भीती फक्त सोडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रफुल्लचा डोळा लागल्यावर ती डोळे मिटून बसली आणि दादाला डोळ्यांपुढे आणलं. नळ्या लावलेला दादा. आपल्याला विचारणारा दादा. मेलेला दादाही आणून पाहिला. मग आपल्या फोनवरचा राखणदार पाहिला.

हिरवा.

तिचं तिलाच पटेना. छातीत काही हललंच नव्हतं. श्वास आपोआप लांब झाला होता, जबडा सैल, डोळे टाइल्सकडे. शरीर धडा इतका चोख शिकलं होतं की आता मालकिणीचंही ऐकत नव्हतं. आजपर्यंत तिला घरात कोंडल्यासारखं वाटायचं. आता आपण आपल्याच आत कोंडलो आहोत हे तिला कळलं, आणि या कळण्याचीही भीती वाटेना.

मग तिनं दुसरा उपाय केला, आणि तो जिवावरचा होता, हे जाणून केला. या आजाराच्या माणसाला ऊन वैरी. आधीच सोललेल्या नसा, त्यातून अंगातलं तापमान थोडं जरी चढलं तरी निरोप पोचायचे बंद होतात. नागपूरचा ऑक्टोबर, तिसऱ्या प्रहराचं पश्चिमेचं ऊन. भिंत धरत, काठी टेकत ती बाल्कनीत गेली. दार मागून लोटून घेतलं. कठडा धरला आणि जागच्या जागी गुडघे उचलायला लागली. पोरींना मैदानावर करायला लावायची तसे, एक-दोन, एक-दोन.

पाय लगेच जड झाले. समोरची पाण्याची टाकी धुरकट झाली. बरगड्यांभोवती पट्टा आवळला. पट्टाच का हा? की ते? तिला कळायला मार्ग नव्हता. दोन वर्षांपूर्वी तरी कुठे कळलं होतं? थांबावं असं एकदा मनात आलं. सावनीचा चेहरा आठवला. पण दसऱ्याचा तो बसका आवाजही आठवला, आणि तिनं गुडघे आणखी वर उचलले. मग कठडा हातातून सुटला.

आतून सगळे फोन एकदम किंचाळले.

हॉस्पिटलात तिला पुन्हा नीट दिसायला लागलं, तेव्हा डॉक्टर नाझनीन शेख उशाशी उभ्या होत्या. स्टेंट घातला तो त्यांनीच.

“हृदय ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “ऊन लागलं आणि दम लागला. पण वेड लागलं होतं का तुम्हाला?”

“दादा कितव्या मजल्यावर आहे?” रेणुकानं विचारलं.

प्रफुल्ल पायथ्याशी उभा होता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “तुला कोणी सांगितलं?”

“चातुर्मासानं,” ती म्हणाली. “आणि सावनीच्या बाहीनं.”

डॉक्टर एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली. “सर, हे लपवायचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच म्हणालात नं, ताण नको.”

“अहो, दाण्याला सुखदुःख कळत नाही. रडताना, भांडताना ठोके वाढतात, पिवळं होतं आणि उतरतं. त्यानं यांच्या रक्तवाहिन्यांचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते आतल्या सुजेनं आणि बसून राहण्यानं. दोन वर्षांत यांचं चालणं निम्म्यावर आलंय, आणि सूज वाढलीय. मी दर वेळी सांगते, चालवा, फिरवा. तुम्ही फक्त रंग बघता.” त्यांनी रेणुकाकडे हात केला. “आणि सगळं कळूनही विचारता येत नाही, याच्याहून मोठा ताण कोणता असतो, सर?”

 प्रफुल्लनं कोपऱ्यातली व्हीलचेअर आणली.

दादा वरच्या मजल्यावर होता. हृदय थकलं होतं, छातीत पाणी भरत होतं, आता फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं. नाकावर ऑक्सिजन होता. कुमुदवहिनी रेणुकाला पाहून तोंडाला पदर लावून उभीच राहिली.

दादानं डोळे उघडले. “आली तू? हे तं म्हणत होते, तू केरळात गेली, मालिशला.”

“मी?”

“मले टेन्शन नको म्हणून. मंग फोनही काढून घेतला.” त्याला धाप लागली. “खो तुह्यावर होता, रेणे.”

“मला म्हणे तू परिक्रमेला गेलास. दसऱ्यानंतर लगेच.”

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. “चातुर्मासात? प्रफुल्ल, लेका, निदान पंचांग तं पाहाचं!” तो हसला, खोकला, पुन्हा हसला. रेणुकाही हसली. वहिनी हसता हसता रडायला लागली, आणि प्रफुल्ल दाराशी मान खाली घालून उभा राहिला.

त्यानंतर रेणुका तिथून हलली नाही, आणि तिला हलवायची कोणाची छातीही झाली नाही. दोघं बहीणभाऊ बोलायचे, थकले की गप्प बसायचे. त्यानं राहिलेल्या सगळ्या बातम्या दिल्या. दाणीकाकू गेल्याचंही तिला त्याच्याकडूनच कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला कुशीवर वळवलं होतं. रात्री पाठ दुखते म्हणाला होता, म्हणून रेणुका चोळत होती. आता तर बोलणंही बंद झालं होतं. श्वास अडखळत होता, पण सुटत नव्हता. कोणाची तरी वाट बघत बसल्यासारखा. मैदानावर मागच्याची चाहूल घेत बसलेली ती पाठ तिनं आयुष्यभर पाहिली होती. तिनं तळहात त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध ठेवला, वाकली आणि त्याच्या कानात म्हणाली, “खो, दादा.”

थोड्या वेळानं तो गेला.

वहिनीनं हंबरडा फोडला. सावनीनं आधी आईकडे, मग फोनकडे पाहिलं आणि श्वास सोडला. “हिरवी आहे,” ती बापाच्या कानात म्हणाली. “बाबा, आई हिरवी आहे.”

प्रफुल्लनंही फोन पाहिला. स्वच्छ हिरवा, जराही ढळलेला नाही. गेली दोन वर्षं ज्या रंगासाठी तो जगला, तोच हा रंग. मग त्यानं बायकोकडे पाहिलं. तिचा जबडा सैल होता, श्वास लांब होता, आणि डोळे समोरच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे सरकत होते. हा रंग तिनं धरून ठेवलेला होता, हे त्याला कळलं. किती दिवस चाललं होतं हे? त्याच्या समोर, त्याच्या हातचा चहा पिताना?

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. “रेणू, हे काय करून राहिली तू?”

“हिरवी आहे नं मी?” तिनं विचारलं.

“नको राहू. रड नं. दादा गेले, रेणू. रड.”

“येत नाही रे,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. “विसरली मी. टाइल्सच दिसतात.”

प्रफुल्ल आयुष्यात कधी खो-खो खेळला नव्हता. तिच्या मॅचेसना तो मांडवात बसून पेपर वाचायचा. तो उठला, तिच्या खुर्चीच्या मागे गेला. कुठं हात ठेवायचा ते त्यानं आत्ताच पाहिलं होतं. त्यानं तळहात तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध ठेवला.

“खो,” तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “रेणू, खो.”

तिची पाठ त्याच्या हाताखाली आधी ताठ झाली. मग खालून कुठूनतरी एक हुंदका आला, त्याच्यामागून दुसरा, आणि मग ती दादाच्या पांघरुणात तोंड खुपसून मोठमोठ्यानं रडायला लागली.

प्रफुल्लच्या खिशात फोन थरथरला. थोड्या वेळानं पुन्हा थरथरला. त्यानं तो काढून पाहिला नाही.